जलद गाडीचा पाडवा

माझं डोकं तेव्हाही तापट होतं, आताही आहे. पण त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत एस.टी. डेपोत साहेबांच्या टेबलापुढं जेवढा तापलो, तेवढा पुन्हा कधी तापलो नाही. पाडव्याची रजा महिनाभर आधी मागितलेली, मंजूरही झालेली. आणि आदल्या दिवशी सकाळी फळ्यावर बघतो तर काय, संगमनेर–नगर जलद, चालक सहादेव.

"सायेब, माझी पोर वाट बघतीया," मी म्हणालो.

"पोरं सगळ्यांनाच आहेत," साहेब मान वर न करता म्हणाले. "जादा गाड्या किती सोडल्यात बघा जरा."

खोटं नव्हतं त्यात. आदल्या सालच्या दुष्काळात कुणी दिवाळी केलीच नव्हती. यंदा पाऊस झाला, बाजरी हाती लागली आणि माणसं दोन वर्षांची दिवाळी एकदम करायला निघाली. टपावर बोचकी, दारात माणसं. पण म्हणून दर साली माझ्याच पोरीनं वाट बघायची? मी पाय आपटत बाहेर आलो.

बनू माझी एकुलती एक, नऊ वर्षांची. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी संगमनेरला डेपोजवळ एका खोलीत राहायचो. पोर राहुरीच्या अलीकडं, रस्त्याकाठच्या वाडीवर माझ्या बहिणीकडं, झुंबरआक्काकडं. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, लेक बापाला. आई गेल्यापासून बनू म्हणायची, "आबा, आता तुमाला मीच ओवाळनार." आणि मी मेल्यानं दोन पाडवे चुकवले. दोन्ही वेळा "येतो गं" म्हणून सांगितलेलं. गणपतीत भेटलो तेव्हा तिनं बोट नाचवून बजावलं, "आवंदा न्हाई आलात ना, तर परत कदीच ओवाळनार न्हाई. आईची शपत!" हट्टाला पोर बापावर गेलेली. बोलली म्हणजे करणार.

जलद गाडी वाडीवर थांबत नसे. कोल्हार सुटलं की एकदम राहुरी. मधे गाडी उभी केली म्हणून माझ्यावर आधी एकदा रिपोर्ट झालेला.

त्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधे बाजारात पळालो. उटणं, वासाचा साबण, फुलबाज्या घेतल्या. मग झगा. दुकानदारानं विचारलं, "केवढी आहे मुलगी?" मी कमरेजवळ हात धरला. "एवढी." गुलाबी झगा, गळ्याला लेस. पुडकं सीटमागं जपून ठेवलं.

पाडव्याला सकाळी गाडी काढली. कोल्हार सुटलं तसे वाडीच्या वळणाकडं डोळे लावले. कंडक्टर कानिफनाथ माझ्या जोडीचा, त्याला सगळं ठाऊक. तो पुढं येऊन म्हणाला, "सहादेवराव, घंटी मी मारतो. रिपोर्ट झाला तर दोघं मिळून खाऊ."

वळणावर मी पोंगा दाबला. दोन लांब, एक आखूड. हा माझा पोंगा, बनू झोपेतही ओळखायची. वाडीसमोर गाडी उभी केली. रस्त्यावर कुणी नाही. पुन्हा दाबला. झुंबरआक्का पदर सावरत दारात आली आणि ओरडली, "लई रुसलीया रे! पार कनगीमागं जाऊन बसलीया!"

"काय हो डायव्हर, जलद हाय ना ही?" मागून एकजण करवादला.

"लेकीचा पाडवा हाय!" मीही तेवढ्याच जोरात म्हणालो. "घाई असंल त्यानं चालत जावं!"

मग पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "वाजीव रं बाबा अजून. नाव काय लेकराचं?"

कानिफनाथनं नाव सांगितलं मात्र, अख्खी गाडी खिडक्यांतून हाका मारायला लागली. "ए बनू! बाहेर ये गं बाई!" करवादलेला सगळ्यात मोठ्यानं. आणि आली की माझी पोर पळत! रडून डोळे सुजलेले, हातात ताट, वाऱ्यानं निरांजन विझलेलं. मी उतरलो असतो, पण मी सीट सोडली की माणसंही उतरून पांगणार. कानिफनाथनं तिला खिडकीपर्यंत उचललं, कुणीतरी काडेपेटी पुढं केली. कुंकू कपाळाला कमी आणि नाकालाच जास्त लागलं. मी रडलो. साठ पाशिंजरांसमोर ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात?

पुडकं तिच्या हातात दिलं. तिनं झगा छातीशी धरून बघितला.

"यील का गं तुला?"

"व्हय आबा. बरूबर हाय."

कानिफनाथनं घंटी मारली. रिपोर्ट काही झाला नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला सुट्टी मिळाली, वाडीवर गेलो. बनूनं माझ्यासाठी तोच झगा घातलेला. पण दोन्ही हात अंगाला चिकटवून चालत होती, शाळेतल्या कवायतीसारखे. आक्का म्हणाली, "फळीवरचा लाडवाचा डबा काढ गं." तर म्हणते, "आत्या, तुमीच काढा ना."

"आळशी झालीस व्हय गं?" म्हणत मी तिला लहानपणीसारखी काखेत धरून फळीपर्यंत उचलली. बोटांना शिवण लागली. दोन्हीकडं टराटरा उसवलेली, वर काळ्या दोऱ्याचे मोठाले टाके. तिचे स्वतःचेच. मी दुकानात हात धरला होता, तो तिची आई गेली तेव्हाच्या बनूएवढा. मधली तीन वर्षं पोर वाढली आणि बापाला पत्ताच नाही!

"सांगितलं का न्हाईस गं?"

"तुमी एवढा हौसंनं आनला हुता," ती खाली बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन अर्ज दिला, मला राहुरीकडची मुक्कामी गाडी द्या. सगळे ड्रायव्हर हसले. जलद सोडून मुक्कामी कोण मागतं? खडखडती गाडी, धुळीचा रस्ता, रात्री ढेकणांत झोपायचं. पण ती गाडी संध्याकाळी आमच्या वाडीशेजारच्या गावाला थांबायची आणि तिथून घर हाकेवर. अर्ज मंजूर झाला. मग रोज वळणावर दोन लांब, एक आखूड, आणि बनू दारात. ते पोंगे गेले, त्या गाड्याही गेल्या. आता वळणावर नुसतं कर्कश वाजतं, कोण आलं ते कळत नाही.

पुढच्या दिवाळीला त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "केवढी आहे मुलगी?" मी हात धरला नाही. बनूलाच पुढं उभी केली.