मावशीचा बेस

मावशी तरुणपणी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. इतक्या वर्षांनी रेकॉर्ड कंपनी त्या बँडची एकुलती एक रेकॉर्ड नव्याने काढणार होती, म्हणून ती मला घेऊन स्टुडिओत गेली.

गाणं सुरू झालं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हा बेस माझा नाही."

"तुमचा फार खरखरायचा हो, ताई," निर्माता म्हणाला. "दुसऱ्याकडून वाजवून घेतलाय. नाव तुमचंच राहील."

"ती खरखर मी मुद्दाम आणली होती. अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा स्वतः ब्लेडने कापला होता मी!"

"आता एवढं कोण ऐकतंय?"

"मग माझं नावही काढा. आणि शेवटचं वीस मिनिटांचं गाणं मी रचलेलं आहे, तेही मिळणार नाही."

"मग रेकॉर्डमध्ये उरलं काय?"

"ते तुम्ही बघा," म्हणत मावशी उठलीसुद्धा.

महिनाभर तो फोनवर विनवत राहिला. ती हटली नाही. शेवटी रेकॉर्ड निघाली ती जुन्या टेपवरूनच.

रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी मावशीने ती इतक्या मोठ्याने लावली की खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारचे काका दारात आले. "अहो, आवाज जरा कमी करा!"

"आज नाही," मावशी म्हणाली आणि त्यांना खुर्ची दिली.