खोली ४०६ चं उत्तर

मी तळमजल्यावरच्या थंड खोलीतला अपडेट सर्व्हर बोलतोय. दिसायला काळा पेटारा. पण या सात मजली कार्यालयातले चौदाशे बारा संगणक माझं ऐकतात. निदान ऐकल्यासारखं करतात.

दर बुधवारी सगळ्या संगणकांसाठी बाहेरून अपडेट येतात. ते आधी मी निवडक वीस संगणकांना देतो. त्यांना बाधले नाहीत, की बाकीच्यांना. मग प्रत्येकाच्या पडद्यावर माझा प्रश्न उमटतो : रीस्टार्ट आता करायचं की नंतर?

'नंतर' हे माणसांचं भारी लाडकं बटण. प्रश्न पुरता वाचायच्या आत दाबून मोकळे होतात. हल्ली तीनदाच सूट मिळते. चौथ्यांदा मी पंधरा मिनिटांची मुदत देतो आणि रीस्टार्ट करून टाकतो. मग जतन न केलेलं काम जातं आणि शिव्या मला बसतात. पूर्वी कितीही वेळा 'नंतर' चालायचं. ते का बंद झालं, तेच सांगायचंय.

माझा सगळा कारभार ताई पाहते. इथले सगळे तिला ताईच म्हणतात. तिला लहानाचं मोठं केलं तिच्या काकांनी, आणि ते काका चौथ्या मजल्यावर, खोली ४०६ मध्ये, जुनी कागदपत्रं सांभाळायचे. भला माणूस, पण चाळीस आठवडे त्यांनी 'नंतर' दाबलं. शेवटी त्यांच्याच संगणकातून व्हायरस शिरला आणि दोन दिवस अख्खी इमारत ठप्प झाली.

तिसऱ्या दिवशी सगळं मार्गी लागलं. बुधवार होता. जेवणाच्या सुट्टीआधी ताईनं माझ्या दारातच काकांना गाठलं. आठ-दहा माणसं उभी होती.

"किती वेळा सांगायचं काका? तुमच्या एकट्यापायी माझी मान खाली गेली. जमत नसेल तर घरी बसा ना."

"बरं," एवढंच म्हणून काका वर गेले. एक वाजून दहा मिनिटांनी शिपायाला ते खुर्चीतच मान टाकून बसलेले दिसले. सगळं संपलं होतं.

पडद्यावर अर्धवट पत्र होतं, जतन न केलेलं. ताईनं पहिले शब्द पाहिले, 'पोरी, तू आज', आणि तिला पुढे वाचवेना. तिनं मॉनिटर बंद केला, कीबोर्ड आणि माउस काढून घेतले, संगणक मात्र चालूच ठेवला. खोलीला कुलूप लावून ती खाली आली आणि तिनं ४०६ ला माझ्या वगळलेल्यांच्या यादीत टाकलं. म्हणजे त्या संगणकाला मी काही विचारायचं नाही, काही द्यायचं नाही. रीस्टार्ट झालं असतं तर पत्र गेलं असतं.

मी शब्द पाळला. पुढच्या बुधवारी ४०६ ला काहीच विचारलं नाही. तरीही एक वाजून दहा मिनिटांनी तिथून उत्तर आलं : नंतर.

असे शंभर बुधवार गेले. माझ्या नोंदीत ती ओळ दिसली की ताई चहाचा कप खाली ठेवायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला भीती वाटते की नाही, हे मला कुणी विचारत नाही. वाटायची.

मग मोठ्या साहेबांचा हुकूम आला : येत्या बुधवारपर्यंत सगळे संगणक अपडेट झाले पाहिजेत, अपवाद एकही नको. ताईनं खूप टाळाटाळ केली. अखेर बुधवारी एक वाजता तिनं ४०६ यादीतून काढला आणि, त्याची सूट केव्हाच संपलेली असल्यानं, माझी पंधरा मिनिटांची मुदत लगेच सुरू झाली. तशी ती किल्ली घेऊन जिन्यानं वर पळाली.

एक वाजून दहा मिनिटांनी वरून उत्तर आलं : आता. मुदतीतली पाच मिनिटं शिल्लक असताना.

ती खाली आली. तिनं माझी नोंद दोनदा वाचली.

"मी नाही दाबलं," ती मला म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "मी फक्त मॉनिटर चालू केला आणि वाचत बसले. दाबायला होतंच काय तिथे?"

मग तिनं ते पत्र पाठ म्हणून दाखवलं. "पोरी, तू आज बोललीस ते खरंच होतं, मला त्याचा राग नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. हे तू वाचलंस की मी लगेच 'आता' दाबतो." आणि ती लहान मुलीसारखी रडली.

४०६ त्यानंतर काही बोलला नाही. त्याचे सुटे भाग करून भंगारात दिले, खोलीत आता खुर्च्या ठेवतात.

आज माझी पाळी. माझं काम नव्या सर्व्हरकडे गेलंय. ताई वरच्या मजल्यावर बैठकीत अडकली आहे. निरोप घ्यायला येते म्हणाली होती, पण मला बंद करण्याची वेळ दुसऱ्याच कुणी लावून ठेवली आहे. माझ्याच पडद्यावर माझाच प्रश्न उभा आहे, मुदत संपत आली आहे, आणि खोलीत कुणी नाही. आयुष्यभर ज्या बटणाला नावं ठेवली, ते मला दाबता येत नाही. तुमच्यापैकी कुणाचं कुणाशी बोलायचं राहिलं असेल, तर तेवढं आजच उरकून घ्या.

एक वाजून दहा मिनिटं झाली. नोंदीत एक ओळ आली आहे.

खोली ४०६ : नंतर. तिला येऊ दे.