घायपाताचा दोर

वाशी गावाच्या वरच्या अंगाला काळी जमीन संपून मुरमाड माळ लागतो. तिथं शांतवनबाबा एकटेच राहायचे. पत्र्याची एक खोली, दारात कडुलिंब आणि चहूबाजूंनी घायपाताचं कुंपण. माणूस ख्रिस्ती. उमेदीच्या वयात सोलापूरला एका दवाखान्याची गाडी चालवायचे. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा नोकरी सोडून या माळावर आले आणि इथलेच झाले. घायपात कापायचे, पाण्यात कुजवायचे, झोडपून वाखाचे धागे काढायचे आणि दिवसभर दोर वळायचे. कासरे, दावी, बादलीचे दोर. वाशीच्या बाजारात बब्रुवान शेटेंच्या दुकानात ते दोर विकायला असायचे आणि लोक नाव घेऊन मागायचे.

त्यांच्या खालच्या अंगाला धुळाप्पाचं घर. जात धनगराची, थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. बायको सखूबाई, आणि एकच मुलगा बालाजी. बालाजीला माळावर मेंढरं सोडली की बाबांच्या शेजारी बसून राहायची सवय होती. बाबा दोर वळत वळत त्याला मिसर देशातल्या जुन्या साधूंच्या गोष्टी सांगायचे. ते साधू वाळवंटात एकेकटे राहायचे, चटया आणि दोर वळून पोट भरायचे, आणि कुणी खोटा आळ घेतला तरी उलट बोलायचे नाहीत. बालाजी घरी येऊन आईला ते सांगायचा आणि हसायचा. असली माणसं वाशीत एक दिवस टिकायची नाहीत, असं सखूबाई म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी धुळाप्पानं सरकारी योजनेतून शेततळं खोदून घेतलं. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. असलं तळं दिसायला साधं, पण कागदावर शेवाळ धरलं की आत पडलेल्याला वर येता येत नाही. पोहणाराही दमून बुडतो. बाबांनी ते तळं पाहिलं आणि काही न बोलता परत गेले. आठवड्यानं एक जाडजूड दोर खांद्यावर टाकून आले. चार पदरी, हाताभरावर गाठ मारलेला. कुंपणाच्या लोखंडी खांबाला त्यांनी तो स्वतः बांधला आणि दुसरं टोक पाण्यात सोडलं. धुळाप्पानं पैसे विचारले तर म्हणाले, हा विकायचा दोर न्हाय.

पुढच्या चैत्रात धुळाप्पा आणि बालाजी सोनारीला काळभैरवाच्या यात्रेला गेले. सखूबाई घरी एकटी. लांडग्यांचा त्रास वाढला होता. एका पहाटे मेंढरं बुजली, आणि त्यांच्या रेट्यानं वागुरीचा, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचा, दोर तुटला. रानभर पांगलेली मेंढरं गोळा करता करता तिला दुपार झाली. पुन्हा अंधार पडायच्या आत वागूर पक्की करायची होती. घरात तेवढा दणकट दोर नव्हता. तिनं तळ्यावरचा दोर सोडला आणि वागुरीला बांधला. तळ्यावर मोकळा खांब बरा दिसेना, म्हणून आडावरच्या बादलीचा जुना दोर तिथं लावला. तोही बाबांनीच कधीकाळी वळलेला. माणसं आली की बदलून घेऊ, असं तिनं मनात धरलं. माणसं आली. लोकर कातरायची गडबड सुरू झाली. दोर तसाच राहिला.

वैशाखात एक कोकरू पाणी प्यायला म्हणून कुंपणाच्या फटीतून आत गेलं आणि घसरलं. बालाजीनं मागचापुढचा विचार न करता उडी टाकली. धुळाप्पा बांधावरून ओरडत धावला. सखूबाई भाकरीची पाटी घेऊन येत होती. ती तळ्याशी पोचली तेव्हा शेजारपाजारची माणसं जमली होती, कोकरू काठावर थरथरत उभं होतं, आणि चौघांनी बालाजीला वर काढून मातीत निजवलं होतं. त्याच्या मुठीत तुटलेल्या दोराचं टोक होतं.

शांतवनबाबाही धावत आले होते. वय झालेलं, धाप लागलेली. धुळाप्पानं मुलाच्या मुठीतून तो तुकडा सोडवला आणि त्यांच्या तोंडावर फेकला. इतकी वर्षं तो त्यांना अहो-जाहो करत होता.

"तुझ्या दोरानं माझं लेकरू मारलं," तो म्हणाला.

बाबांनी तुकडा उचलला. हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं असणार. दोन पदरी, उन्हापाण्यानं काळा पडलेला, बादलीच्या कडीनं झिजलेला. त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर सखूबाईवर गेली. ती पाटी धरून तशीच उभी होती. क्षणभर बाबांचं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी धुळाप्पापुढं हात जोडले.

"मला माफ करा," म्हणाले, आणि तिथंच मातीत बसले.

सखूबाईनं त्या दिवशी दोराचं काही सांगितलं नाही.  पण दहावा झाला, तेरावा झाला, तरीही ती बोलली नाही. रोज सकाळी उठून आज सांगायचं असं ती ठरवायची. धुळाप्पा समोर चहाला बसायचा, आणि त्याचं तोंड बघून तिची जीभ उचलायची नाही. मार खायची तिला भीती नव्हती, त्यानं कधी हात उगारला नव्हता. सांगितल्यावर तो आपल्याकडं कसा बघेल, या एका गोष्टीला ती भीत होती.

तिकडं गोष्ट पसरत गेली. बाजारात बब्रुवाननं बाबांचे दोर आतल्या खोलीत टाकले. गिऱ्हाईक घेत नाही, माझा इलाज नाही, असं त्यानं त्यांना समजावलं. बाबांनी मान हलवली आणि उरलेले दोर परत नेले. कुणी दारावरून जाताना शिव्या देऊन जायचं. उन्हाळा सरायच्या आत कुणीतरी त्यांचं घायपाताचं कुंपण पेटवून दिलं. सखूबाईला घरातून तो धूर दिसला. ती उंबऱ्यात बसून बघत राहिली. त्यानंतर बाबांजवळ वाखही राहिला नाही. ते रस्त्याच्या कामावर खडी उचलायला जाऊ लागले. त्या वयाच्या माणसाला मुकादम अर्धीच मजुरी द्यायचा.

धुळाप्पा जाईल तिथं बाबांना टाकून बोलायचा. चावडीवर, बाजारात, लग्नकार्यात. सखूबाईला ते ऐकावं लागायचं. तिला वाटायचं, हा बोलायचा थांबला तर बरं, नाहीतर आपण तरी मरावं.

भादव्यात एका दुपारी तिच्यानं राहवेना. धुळाप्पा मेंढरांमागं लांब गेला होता. तिनं फडक्यात दोन भाकरी बांधल्या आणि माळ चढून गेली. बाबा दारात बसले होते. गालफडं बसलेली, हातांना खडीनं भेगा पडलेल्या. त्यांनी तिला बसायला पोतं टाकलं. तिनं भाकरी पुढं ठेवल्या. त्यांनी त्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि लगेच खायला सुरुवात केली. नको म्हणाले असते, तर तिला एवढं लागलं नसतं.

त्यांचं खाणं होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "बाबा, त्यो दोर म्या बदलला व्हता."

"मला ठावं हाय."

"मंग बोलला का न्हाय तुमी?"

बाबांनी रिकाम्या फडक्याची घडी घालून तिच्यापुढं ठेवली.

"माझ्या मागं कुणी न्हाय, सखूबाई. शिव्या मला एकट्यालाच ऐकायच्या. तुमाला त्यांच्यासंगं एका घरात जगायचंय."

ती पदर तोंडाला लावून रडू लागली. तुम्ही देवमाणूस आहात, असं काहीसं तिच्या तोंडून निघालं. तेव्हा बाबांचा चेहरा एकदम बदलला. जणू तिनं त्यांना मारलं.

"तसं म्हणू नका. ऐका. त्या दिवशी त्यो तुकडा हातात घेतला, तवा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं म्हाईत हाय? हा माझा नवा दोर न्हाय. माझा दोर तुटत न्हाय. लेकरू म्होरं पडलेलं, माझ्या मांडीशी बसून वाढलेलं, आन मला माझ्या दोराचं नाव आठवलं. त्येच सांगाया तोंड उघडलं व्हतं म्या. धुळाप्पा शिव्या देतात त्या भलत्या कारणानं देतात. पर मला त्या चुकीच्या वाटत न्हाईत."

सखूबाईनं फडकं उचललं. ती उठली, तेव्हा बाबांनी तिला एवढंच सांगितलं, की नवऱ्याला सांगायचं तर तुम्हाला झेपेल तेव्हा सांगा, माझ्यासाठी म्हणून सांगू नका. त्यानंतर ती अधूनमधून भाकरी नेऊन ठेवायची. धुळाप्पाला मात्र तिनं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर बाबा खडीच्या कामावर चक्कर येऊन पडले. सोलापुरातला पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. थंडी सरत आली तेव्हा बब्रुवानच्या दुकानात पुतण्याचा फोन आला. काका गेले, उद्या सकाळी माती आहे, कुणाला यायचं असेल तर कळवा. बब्रुवाननं बाजारात भेटलेल्या धुळाप्पाला ते सांगितलं.

धुळाप्पा घरी आला, दारातच बसला, आणि सखूबाईला म्हणाला, शांतवन गेला. ती मेंढरांना पाणी पाजत होती. हातातली बादली तिनं खाली ठेवली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. लांडगे, वागूर, आडावरचा जुना दोर. सांगताना ती रडली नाही. सांगून झालं तरी धुळाप्पानं मान वर केली नाही.

"मला त्याच सांजंला कळलं व्हतं," तो म्हणाला. "एरवी वागूर तू लावतीस. त्या दिवशी म्या लावाया गेलो, तवा तळ्यावरचा नवा दोर हाताला लागला."

सखूबाई मटकन खाली बसली. "मंग त्यांना का शिव्या दिल्या तुमी? सारं वरीस?"

"मंग कुणाला देऊ? तुला?" धुळाप्पानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.  "आन मला तरी कोण देणार व्हतं? बालाजी एका हातानं दोर आन एका हातानं कोकरू वर धरून म्हणला, आबा, ह्ये आदी घ्या. म्या कोकरू घेतलं. तवर दोर तुटला. आदी त्याचा हात धराया पायजे व्हता. म्या कोकरू घेतलं, सखू."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघं निघाले. तुळजापुरात गाडी बदलली. देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसांची गर्दी होती, दोघांना उभ्यानंच जावं लागलं. सोलापूरला विचारत विचारत ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत पोचले, तेव्हा पेटी खड्ड्याजवळ ठेवलेली होती. माणसं थोडीच. दोघं मागं, भिंतीला लागून उभे राहिले. कुठं हात जोडायचे आणि कुठं नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

फादर तरुण होते, बाबांना त्यांनी आजारपणातच पाहिलं होतं. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि चार शब्द बोलले. मायेनं बोलले. हा आपला भाऊ एकांतात राहिला, कष्टाचं खाल्लं. त्याच्या हातून अनवधानानं एक मोठी चूक झाली, एका तरुणाचा जीव गेला. ते ओझं त्यानं मुकाट्यानं वाहिलं. देव त्याला क्षमा करो.

धुळाप्पा पुढं व्हायला निघाला. पण त्याच्या आधी सखूबाई माणसांमधून वाट काढत पेटीपाशी जाऊन उभी राहिली.

"त्यांच्या हातनं काय बी झालं न्हाय," ती म्हणाली. "मेला त्यो माझा ल्योक. त्यांनी बांधलेला दोर म्या काढला आन जुना लावला. त्यांना ठावं व्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. म्या बी न्हाय."

 फादरांनी पुस्तक मिटून छातीशी धरलं. पुतण्या तिच्याजवळ आला. चाळिशीचा माणूस, डोळे तांबारलेले. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळं ते जास्त ऐकू आलं.

"शेवटी शेवटी काका घास गिळत नव्हते, मावशी. डॉक्टर म्हणाले, महिनोन् महिने पोटभर जेवलेले नाहीत. तुम्ही एक शब्द बोलला असता तर."

धुळाप्पानं तोंड उघडलं. सखूबाईनं त्याच्या हाताला धरून त्याला गप्प केलं.

"व्हय," ती पुतण्याला म्हणाली. एवढंच.

मग माती लोटायला सुरुवात झाली. बाकीच्यांनी मूठ-मूठ टाकली. धुळाप्पानं फावडं मागून घेतलं आणि खड्डा भरेपर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सखूबाई वाशीला गेली आणि बब्रुवानच्या दुकानापुढं भरल्या बाजारात तिनं हेच सांगितलं. त्यानंतर कैक बायकांनी तिच्या घरी यायचं सोडलं. पोटच्या पोराचा जीव घेऊन परक्याला उपाशी मारलं, असं येताजाता वाटेत बोलणारेही भेटले. तिनं कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. बाबांसारखं वागायचं असं तिनं ठरवलं होतं, असं नाही. तिच्याकडं उत्तर नव्हतं.

धुळाप्पानं तळ्यातला कागद ओढून काढला आणि खड्डा मुरमानं भरून टाकला. मेंढरं आहेत, वागूर आहे, दोघं कामाला जातात. तो तिच्याशी धड बोलतो, आजारी पडली तर वाशीला दवाखान्यात नेतो. ताट वाढलं की दोघं समोरासमोर बसतात. फक्त बालाजीचं नाव एकाच्या तोंडून निघालं, की दुसरं माणूस ताटावरून उठून बाहेर जातं, आणि आत राहिलेलं त्याला हाक मारत नाही.