जेवणाआधी मोडायचा घाट

कोबेतल्या आमच्या घरात टेबल एकच आणि कपाटं गच्च भरलेली, म्हणून माझ्या नवऱ्याला, शिगेओंना, टेबलावर मांडलेला त्यांचा छोटासा घाट जेवणाआधी मोडावा लागतो. त्यांची तळहाताएवढी बस, काळ्या पॉलिश पेपरचा रस्ता, ब्रोकोलीची झाडं. ते ज्या घाटातून खरी बस चालवायचे तो मार्ग आता बंद झालाय. त्या संध्याकाळी जुन्या सोबत्यांना पाठवायला त्यांना या टेबलावरच्या घाटाचा फोटो हवा होता आणि खिडकीतला उजेड कमी होत होता.

"अहो, पाणी उकळलं. जंगल द्या."

"थांब गं, बस अगदीच खेळणं दिसतेय."

"खेळणंच आहे ते."

मी मोठे तुरे पुढे आणि बारके मागे लावले. दरी एकदम खोल दिसू लागली. त्यांनी फोटो काढला आणि बराच वेळ पाहिला.

"इथेच हॉर्न द्यायचो," ते म्हणाले.

मग मी जंगल उकळत्या पाण्यात टाकलं.