झिप्रीचा डाव

“वन्सं, आनि एकदा फुका. लागंल कवातरी,” अंकिता वहिनी म्हणाली.

मी गेमची कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा खाचेत दाबली. जुन्या डबा टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग एकदम हिरवं रान आणि त्यात शेपटी उडवणारी झिप्री खार. रविवारी सकाळी हिचं कार्टून लागायचं. पुढं आप्पांनी हा गेम आणला आणि आम्ही दोघं भावंडं त्यावर तुटून पडलो. विट्याच्या याच घरात आई तेव्हा जेवायला हाका मारून थकायची.

आज तीच उंबऱ्यावर बसून टीव्हीकडं बघत होती. “आठवंल न्हवं गं त्याला?”

“बघू.”

सूरजदादा खुर्चीत होता. दाढी केलेली, बटणं नीट लावलेली, कुणाकडं पाहुणा गेल्यासारखा. गलाईच्या दुकानात सोनं गाळताना शटर निम्मं ओढायची आमच्याकडच्या माणसांची रीत. माल रस्त्यावरून दिसू नये म्हणून. त्या दिवशी परमुलखातल्या त्याच्या दुकानात थंडी होती, त्यानं ते पुरतं ओढलं. भट्टीचा धूर आत कोंडला. माणूस वाचला, पण आम्ही कुणीच त्याच्यात उरलो नाही.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, जुनं काहीबाही दाखवत राहा, एखादं टोक हाताला लागेल. लग्नाचे फोटो दाखवून झाले. आवडती आमटी करून झाली. याच्यापुढं काय दाखवायचं, मला ठाऊक नव्हतं. मग हा गेम आठवला, म्हणून तान्ही लेक काखेत मारून माधवनगरच्या सासरहून एसटीनं आले होते.

त्याच्या हातात रिमोट दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. मग अंगठे हलले.

झिप्री पळाली. ओढा उडी मारून पार केला, घारीला चुकवलं.

“आयो!” आई उठलीच. “बघ की गं! आला माझा ल्योक!”

धबधब्यामागं एक ढोली होती. वर्गात कुणालाच ठाऊक नव्हती, फक्त आम्हा दोघांना. झिप्री सरळ तिच्यात शिरली.

“दादा, ही ढोली कुणी शोधलेली रं?”

“असंल कुनीतरी,” तो टीव्हीकडं बघतच म्हणाला.

पुढच्या वळणावर साप चावला. खार मेली की रिमोट दुसऱ्याला, हा आमचा कायदा. तो वाकला आणि दोन्ही हातांनी रिमोट माझ्यापुढं धरला.

“घ्या ताई. तुमचा डाव.”

तुमचा. मला तो जन्मात कधी ‘अगं’सुद्धा म्हणाला नव्हता. ‘ए शेंबडे’, नाहीतर पाठीत धपाटा.

“ताई तरी म्हनले, वन्सं,” वहिनी हसायला गेली. “मला मॅडम म्हनत्यात.” आणि पदराला डोळे पुसत चुलीकडं वळली.

मी खेळायला लागले. पहिल्याच फांदीपाशी थबकले.

“भिऊ नका,” तो समजुतीनं सांगायला लागला. “फांदी खाली येस्तवर थांबा. हां, आता मारा.”

मी त्याच्या शब्दावर एकेक उडी मारत गेले. मरायचं नव्हतं मला. खार मेली की तो पुन्हा टीव्हीच्या काचेकडं वळणार. तोवर निदान माझ्या हातांकडं तरी बघत होता.

आत झोळीत लेक रडायला लागली.

“तुमचं बाळ रडतंय. जावा तुमी,” तो म्हणाला. “डाव मी बघतो.”

लेकीला पाजताना मी बाहेरच्या आवाजाकडं कान लावून बसले. लहानपणी पाणी प्यायला जरी उठले, तरी परत येईस्तोवर माझी खार मेलेली आणि दादाचा डाव सुरू झालेला असायचा. “आपोआप मेली,” वर तोंड करून सांगायचा. मी भांडायचे, चावायचे, आईकडं रडत जायचे.

ढाप रे दादा, मी मनातल्या मनात म्हणत होते. एवढा एकदा माझा डाव ढाप.

लेक झोपली. मी बाहेर आले.

झिप्री त्याच फांदीवर उभी होती, शेपटी हलवत. दादानं रिमोट दोन्ही तळव्यांवर आडवा धरला होता, कुणाची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा. अंगठे बटणांपासून लांब. तो दाराकडंच बघत होता.

“या,” म्हणाला, आणि खुर्ची सरकवून त्यानं मला जागा करून दिली.