घरात लायसन आता एकाचंच

ऋतुराजला दारूचा वाससुद्धा सोसत नव्हता. त्या दुपारी गाडीत शुद्धीत असलेला तो एकटाच, आणि म्हणून मागं बसलेला तोच. चालवायचा मान थोरल्याचा, असा घरचा रिवाज. थोरले म्हणजे त्याचे चुलते काकासाहेब. पाचोडला साखरपुडा उरकून तिघं मुकुंदवाडीला घरी निघाले होते. सोयऱ्यांनी काकांचा पाहुणचार जरा मनापासून केला होता.

आडूळच्या अलीकडं गाडीनं एक सायकल उडवली.

सायकलवाला कचरू रस्त्याच्या कडेला पडला. पाय ज्या दिशेला वळत नसतो, त्या दिशेला त्याचा एक पाय वळला होता. ऋतुराजनं अँब्युलन्सला फोन लावला, आहेरात मिळालेला कोरा टॉवेल कचरूच्या मांडीला घट्ट बांधला. मागं वळून बघतो तर काकांची आणि सुदर्शनमामाची बैठक बसलेली. सुदर्शनमामा हा काकांचा मेहुणा. कोर्टाच्या आवारात त्याचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळं खानदानातला सगळा कायदा त्याच्याकडं.

"दाजी आधी एकदा पिऊन चालवताना सापडलेत. परत सापडले तर आत जातील," मामा म्हणाला. "ऋत्या, गाडी तू चालवत होता."

"मी? मामा, सोमवारी वाळूजला कामावर जायचंय मला. टेम्पोवर. लायसन बघूनच घेतलंय त्यांनी."

"तुझी पयली टाइम हाय, लेकरा. दम देतील अन् सोडतील."

बाप गेल्यावर काकांनीच त्याला वाढवलं होतं. गाडीही त्यांनीच शिकवली होती, सकाळच्या वेळी, शुद्धीत असताना. त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. ऋतुराज पुढं जाऊन बसला.

इथवर निभावलं असतं. पण मामाला अजून एक कायदा आठवला.

"थांब, थांब. शुद्धीत उडवलं म्हंजे जाणूनबुजून उडवलं. खुनाचा प्रयत्न लागतो डायरेक्ट! पिऊन उडवलं तर नुसती चूक." त्यानं डिकीतली बाटली काढली. "घे. असली प्रकरणं रोज ढिगानं येत्यात माझ्याकडं."

"वाचता का तुम्ही?"

"झेरॉक्स मारतो."

ऋतुराजनं नाक दाबून प्यायली, लहानपणी एरंडेल प्यायचा तशी. कचरू जमिनीवरून सगळं बघत होता. "चालवत तर ते म्हातारं होतं," तो कण्हत म्हणाला.

"शॉक बसलाय त्याला," मामा म्हणाला.

अँब्युलन्स कचरूला घेऊन गेली आणि पोलीस आले. हवालदारानं ऋतुराजच्या तोंडाशी मशीन धरली. त्यानं फुंकलं. मशीनवर आलेला आकडा बघून हवालदारानं विचारलं, "वय काय रे?"

"वीस."

"बिअरला एकवीस लागतं, कडक मालाला पंचवीस. ते कलम वेगळं लागंल."

आता काकांना कंठ फुटला. "साहेब, ज्याला प्यायची परवानगीच नाय, तो पिलेला कसा काय धरता तुम्ही?"

हवालदार काकांच्या जवळ सरकला. काकांच्या तोंडाचा वास त्याला नक्कीच आला असणार. पण काका चालवत नव्हते. पिऊन मागच्या सीटवर बसणं हा काही गुन्हा नाही.

कचरूचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. घाटी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं जबाब दिला, म्हातारंच चालवत होतं. पण मशीन बोलली होती, पोरगं कबूल होतं, आणि शॉकचं मामा पोलिसांना आधीच सांगून बसला होता. त्या दिवशी रस्त्यावर खरं बोलले दोघंच, कचरू आणि मशीन. त्यातलं मशीनचं धरलं.

कोर्टानं दारूच्या कलमात दंड केला, लायसन निलंबित केलं. पायाचा खटला अजून उभा राहायचा होता. वाळूजच्या सुपरवायझरनं फोनवर एवढंच विचारलं, "पिऊन ना?" ऋतुराज हो म्हणाला. ते खरंच होतं.

कोर्टातून बाहेर आल्यावर, या वेळी तरी आपणच चालवू म्हणून त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. काकांनी किल्ली आपल्या खिशात घातली.

"बस मागं. घरात लायसन आता माझं एकट्याचंच हाय."

गाडीत तोच दारूचा वास होता. काकांनी आरशातून त्याच्याकडं बघितलं, डोळे भरून आले होते त्यांचे.

"परत पिऊ नको, बाळा. तुझा बाप असता तर काय वाटलं असतं त्याला?"

"नाय पिणार, काका," ऋतुराज म्हणाला आणि त्यानं पट्टा लावला. दूर रस्त्यावर एक सायकलवाला चालला होता. काकांनी गिअर टाकला.