विकणे आहे: पिवळी, दोन सीटची

एम्लिनचा गुडघा गेला आणि आमची पिवळी गाडी विकायला निघाली. क्लच दाबला की नवरा आई गं म्हणून ओरडायचा. शेवटी डॉक्टरनेच चालवणं बंद केलं. जाहिरात त्याने स्वतः लिहिली: 'छत उघडणारी, इंजिन सीटच्या मागे, एकच मालक, जिवापाड जपलेली.' लिहिली आणि दोन दिवस तोंड पाडून बसला. मलाही जेवण गोड लागेना.

बावीस वर्षं मी तिच्यात डावीकडे बसले. दर शनिवारी बंदरावर जायचं, तळलेले मासे नि बटाट्याचे गरम चिप्स घ्यायचे, पुडकं मागच्या डिकीत टाकायचं. इंजिन तिथेच, त्यामुळे डिकी तापलेली. घरी येईस्तोवर चिप्स गरमागरम. याहून सुखाचा संसार मी तरी पाहिला नाही.

चालवली मात्र कधीच नाही. तीस वर्षं मी गावची दुमजली बस चालवली, सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंगचं तोंडही बघू नये असं वाटायचं. त्यात एम्लिनचं पालुपद: "ग्लेनिस, ही नाजूक आहे. तुझा बसचा हात तिला सोसायचा नाही." विम्याच्या कागदावर मात्र माझं नाव हवंच, कारण बसवालीचं नाव घातलं की हप्ता कमी. लबाड मेला!

शनिवारी जाहिरात वाचून नेरिस आली, रेक्सम गावची गुराढोरांची डॉक्टर. वाकून वाकून सगळं पाहिलं, खूश झाली.

"एक चक्कर मारू या?"

"तुमचा विमा नाही हिच्यावर," एम्लिन म्हणाला. "आणि माझा हा पाय..."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"सांभाळून हं, ग्लेनिस. क्लच जरा..."

"गप रे! तीस वर्षं काय मेंढरं हाकत होते?"

छत उघडून समुद्राच्या रस्त्याला लागले आणि पहिलं वळण घेतलं. अगं बाई! बसमध्ये वळण आलं की आधी मागचे साठ जण आठवायचे. इथे मागे नुसतं इंजिन, पाठीशी गुरगुरणारं. गाडी मनात आलं की वळत होती. मी मोठमोठ्याने हसत सुटले. नेरिस दोन्ही हातांनी टोपी धरून हसत होती. बंदरावर सवयीने चिप्स घेतले, डिकीत टाकले.

परत आलो तर एम्लिन काठी टेकून फाटकाशीच उभा. चेहरा इतका उतरलेला की मलाच भरून आलं.

"घेते मी," नेरिस म्हणाली. "सांगितली ती किंमत देते."

"पोरी, गाडी गेली," मी म्हणाले.

"गेली? कुणाला?"

"मला. मगाशीच, पहिल्या वळणावर."

नेरिसने कपाळावर हात मारला. "मला तेव्हाच शंका आली होती! निदान चिप्स तरी द्या." अर्धं पुडकं घेऊन हसत हसत गेली बिचारी.

एम्लिनचे डोळे डबडबले. "अगं, पण मी..."

"तू डावीकडे बस. तिथे क्लच नाही. आधी बूड टेक, मग पाय आत घे."

कण्हत कण्हत बसला. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच सुरू झाला, "ग्लेनिस, आता दुसरा गिअर..."

"चालकाशी बोलू नये," मी म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा माझा नवरा खदखदून हसला.